चैत्र वद्य प्रतिपदा, म्हणजे एकतीस मार्च

दापोडी,
१८ जून १९५२

दौलतराव वस्ताद यांस हिंदुरावाचा रामराम.

परवा सोमवारी भैरूची शाळा उघडली असेल. पोरगा अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात बसला. तुमची बहीण इथं दोन दिवस डोळे पुसत होती, तिसऱ्या दिवशी त्याच्यासाठी तूप कढवायला बसली. ते सोबत पाठवलं आहे.

आमच्या खोलीत चार पोरं आणि एक कंदील. अभ्यासाला जागा नाही, म्हणून भैरूला मोशीला तुमच्याकडं ठेवला. मी अभ्यासाला पाठवला, तुम्ही त्याला तालमीत उतरवला. चला, तेही मानलं. पण गेल्या एप्रिलात कुरणवाडीच्या जत्रेत चाकणच्या इनायतशी त्याची कुस्ती बरोबरीत सुटली आणि तुम्ही तिथल्या तिथं पंचांच्या हातावर हात मारून पुढल्या जत्रेची जोड लावून मोकळे झालात. बापाला विचारायची पद्धत तुमच्याकडं नसावी. मी गप्प बसलो ते एकाच कारणानं. जत्रा झाली अकरा एप्रिलला आणि परीक्षा असते मार्चात. मध्ये दहा दिवस मोकळे सापडतात.

वर्कशॉपात मी सतरा वर्षं लेथवर उभा आहे. परवा माझ्यावर एक चार्जमन आणून बसवला, वय वर्षं बावीस. त्याला टूल धरता येत नाही, पण तो मॅट्रिक आहे. भैरूनं माझ्यासारखं उभं राहू नये एवढंच माझं म्हणणं आहे.

वेळापत्रक लिहून पाठवतो, ते भिंतीला लावा. पहाटे चार ते सहा तालीम. सहा ते नऊ अभ्यास. नऊला जेवून निघणं, पाच मैल चालून साडेदहाला शाळा. पाचला सुटल्यावर सातपर्यंत घर. एक तास तालीम, दोन तास अभ्यास, दहाला झोप. यात पाच मिनिटं इकडं तिकडं चालणार नाहीत.

आपला,
हिंदुराव


मोशी,
३ जुलै १९५२

हिंदुराव दाजींना दौलतरावाचा रामराम. यशोदेला आशीर्वाद.

वेळापत्रक भिंतीला लावलं. गावातली माणसं येऊन बघून गेली. एक म्हणाला, "वस्ताद, ही एस्टीची वेळ हाय का पोराची?" तुम्ही एक गोष्ट विसरलात, माझ्या घरात घड्याळ नाही. नाशिककडं जाणारी पहिली एस.टी. गेली की सहा वाजले असं आम्ही धरतो, आणि ती गाडी स्वतःच कधी वेळेवर जात नाही.

थट्टा सोडा. जोर-बैठका मारून उठलेल्या पोरानं घाम जिरेपर्यंत तासभर आडवं व्हावं लागतं. त्या तासाला तुमच्या कागदावर जागा नाही. लगेच पुस्तक धरलं तर अक्षरं हलतात, असं भैरूच म्हणतो. तरी मी म्हटलं, दाजींनी लिहिलंय ना, मग बस.

तुम्हाला न विचारता जोड लावली, चुकलं. पण त्या दिवशी पस्तीस मिनिटं तो पोरगा मातीत उभा होता. पंच मारुतराव पाटील म्हणाले, "काय वस्ताद, पुढल्या साली?" हजार माणसं बघत होती. माझा हात माझ्या आधी पुढं गेला.

बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. भैरू मोठ्यानं इतिहास पाठ करतो तेव्हा घर भरल्यासारखं वाटतं. त्याच्या शिक्षणाच्या आड मी येणार नाही.

दौलतराव


दापोडी,
१२ ऑक्टोबर १९५२

दौलतराव,

काल सुट्टी होती म्हणून न सांगता शाळेत जाऊन आलो. हेडमास्तरांनी मला हजेरीचं पुस्तक दाखवलं. सहामाहीत भैरू एक्केचाळीस दिवस पहिल्या दोन तासांना गैरहजर. आला तर मागच्या बाकावर झोपतो. वर्गात त्याला 'कुंभकर्ण पैलवान' म्हणतात. पंच्याहत्तर टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेचा फॉर्म पुढं जाणार नाही.

हेडमास्तर म्हणाले, तीन चिठ्ठ्या तुमच्या पत्त्यावर पाठवल्या. कुठं आहेत त्या?

भैरूला विचारलं तर मान खाली. मुस्काटात मारावी असं मनात आलं, पण त्याच्याकडं बघून हात उचलला नाही. डोळ्यांखाली काळं. खांदे बैलासारखे आणि चेहरा आजाऱ्यासारखा. तुम्ही माझ्या पोराचं काय चालवलंय?

हिंदुराव


मोशी,
१७ ऑक्टोबर १९५२

दाजी,

चिठ्ठ्या माझ्या ट्रंकेत आहेत. खोटं कशाला बोलू. पहिली आली तेव्हा वाटलं, पाऊस आहे, रस्त्यात गुडघाभर चिखल, उशीर होणारच. दुसरी आली तेव्हा घाबरलो. तिसरी वाचलीच नाही.

झालं असं की चाकणच्या इनायतची तयारी माझ्या कानावर यायला लागली. अकबर मिस्त्रीचा पोरगा, बापाच्या गॅरेजात ट्रकची चाकं उचलतो, शाळेचा काच नाही. सकाळ-संध्याकाळ तीन तीन तास माती. मला झोप लागेना. मग मी भैरूचे दोन तास वाढवले. तो नाही म्हणाला नाही. तो कधीच नाही म्हणत नाही, हीच त्याची खोड आहे. मी म्हटलं जोर मार, तो मारतो. तुम्ही म्हटलं वाच, तो वाचतो. झोपायला कोण सांगणार, म्हणून तो वर्गात झोपतो.

आजपासून शाळेच्या दिवशी सकाळची तालीम बंद. मी स्वतः त्याला शाळेच्या फाटकापर्यंत सोडून येतो. मास्तरांना वाटतं मी त्याचा गडी आहे. वाटू दे.

दौलतराव


मोशी,
२५ जानेवारी १९५३

ती. दादांना भैरूचा साष्टांग नमस्कार.

फॉर्म गेला. हजेरी शहात्तर टक्के भरली. परीक्षा पुण्यात, पंचवीस मार्च ते एक एप्रिल.

दादा, तुम्ही रागवाल, पण लिहितो. मला दोन्ही जमत नाही. मामा माझ्यासाठी करायचं ते सगळं करतात. बैठका मारताना मला इतिहासाच्या सनावळ्या म्हणायला लावतात. बरोबर की चूक हे त्यांना कळत नाही, तरी पुढं बसून मान हलवतात. काल तीनशे बैठकांनंतर मी पानिपतचा सन चुकलो. त्यांनी मान हलवली आणि मला रडूच आलं. ते म्हणाले, "का रं, पाय दुखत्यात व्हय?"

वर्गात बसलो की इनायतची पकड डोळ्यांपुढं येते. मातीत उतरलो की भूमितीचं प्रमेय येतं. प्रमेय सिद्ध होत नाही आणि पकडही सुटत नाही. शाळेतली मुलं अभ्यास करतात, तालमीतली मुलं मेहनत करतात. मी दोन्हीकडं पाहुणा आहे.

एक दिवस तरी नुसतं झोपू दे असं कुणाला सांगू? मामांना सांगितलं तर जोड आहे, तुम्हाला सांगितलं तर मॅट्रिक आहे. आईला हे वाचून दाखवू नका.

परीक्षा झाली की दहा दिवस फक्त माती, असं मनाशी म्हणत दिवस काढतो आहे.

आपला,
भैरू


मोशी,
१७ मार्च १९५३

दाजी,

घात झाला. पत्र हातात पडताच उत्तर पाठवा.

काल पाडवा. देवळात जोशीबुवा नवं पंचांग वाचत होते. मी आणि भैरू पुढंच बसलो होतो. जोशीबुवांनी वाचलं, हनुमान जयंती सोमवारी, तीस मार्च. कुरणवाडीची जत्रा म्हणजे हनुमान जयंती, आणि कुस्त्या दुसऱ्या दिवशी, चैत्र वद्य प्रतिपदेला. म्हणजे एकतीस मार्च. भैरू म्हणाला, "काका, एप्रिलात न्हाई का?" जोशीबुवा म्हणाले, "अरे, यंदा वैशाख अधिक आहे. अधिक महिन्याच्या आधीचे सण लवकर येतात." भैरू उठला आणि देवळाच्या पायरीवर जाऊन बसला. एकतीसला त्याचा गणिताचा पेपर आहे, दुपारी दोन ते पाच.

मी तिथीनं चालणारा माणूस. माझ्या लेखी जत्रा होती तिथंच आहे. तुम्ही तारखेनं चालणारे. वर्षभर तुम्ही अकरा एप्रिल धरून बसलात आणि मी चैत्र धरून बसलो. दोघांनी एकमेकांना एकदाही विचारलं नाही. गेल्या साली तुम्ही ती तारीख लिहिली होती, मी वाचलीही होती. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मला दिसायला हवं होतं.

आज कुरणवाडीला जाऊन आलो. मारुतराव पाटलांच्या पाया पडलो. म्हटलं, चार दिवसांनी घ्या. ते म्हणाले, "वस्ताद, हँडबिलं चाकणपासून राजगुरुनगरापर्यंत लागल्यात. आता देवाला थांबवू का?" त्यांचा नियम तुम्हाला ठाऊक नसेल. जोड पैलवानाची असली तरी लागते तालमीच्या नावानं. तालमीचा माणूस मातीत उतरला नाही तर त्या तालमीला कुरणवाडीचं मैदान कायमचं बंद. माझ्याकडं बारा पोरं आहेत. त्यांना दुसरं मोठं मैदान नाही.

कुस्ती चारला. पुण्याहून वीस मैल. पेपर अर्धा टाकून आला तरी पोचत नाही. मी काय करू?

दौलतराव


दापोडी,
१९ मार्च १९५३

दौलतराव,

काय करू म्हणून मला विचारता? वर्षापूर्वी हात मारताना विचारलं होतं?

रविवारी मी येतोय. भैरूचे कपडे आणि पुस्तकं बांधून ठेवा. त्याला घेऊन जाईन आणि परीक्षा होईपर्यंत त्यानं मोशीचं नाव काढायचं नाही. तुमचं मैदान, तुमची बारा पोरं, तुमची पत, यातलं मला काही सांगू नका. माझं एकच पोर या वर्षी मॅट्रिकला आहे.

आता स्पष्टच लिहितो. तुम्हाला स्वतःचं मूल नाही, म्हणून दुसऱ्याचं मूल मातीत घालताना तुमचा जीव तुटत नाही. बाप असता तर ट्रंकेत चिठ्ठ्या लपवल्या नसत्या.

हिंदुराव


दापोडी,
२७ मार्च १९५३

मामा,

पेपरला जाताना वाटेतल्या पेटीत हे टाकतो आहे. दादा बरोबर असतात. रजा काढून रोज पुण्याला येतात आणि तीन तास शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहतात. मी पळून जाईन असं त्यांना वाटतं. बरोबर वाटतं.

मराठी झालं, इंग्रजी झालं. काय लिहिलं ते आठवत नाही. रविवारी दादा मला न्यायला आले तेव्हा तुम्ही माझं गाठोडं दारात आणून ठेवलंत. दादांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला आईनं सांगितलं. आई रोज रडते. तिला भाऊही सोडवत नाही आणि नवराही.

मामा, हँडबिलावर माझं नाव आहे. मंगळवारी चार वाजता ते पुकारतील. माणसं म्हणतील, मोशीचा पैलवान भिऊन पुण्याला जाऊन बसला. बारा पोरांचं मैदान माझ्यामुळं जाईल. तुम्ही एक ओळ पाठवा, 'ये' म्हणून. मी मंगळवारी पेपरला जाण्याऐवजी सकाळीच घराच्या मागच्या बाजूनं निघून चाकणची एस.टी. पकडतो. मॅट्रिक पुढल्या वर्षी होईल. तुम्ही सांगाल तेच करीन. पण काहीतरी सांगा. आता मला स्वतःला काही ठरवता येत नाही.

भैरू


मोशी,
२८ मार्च १९५३

चि. भैरूस मामाचा आशीर्वाद.

येऊ नकोस. पंचांनी ऐकलं. जोड पुढं गेली, दिवाळीनंतर बघू असं ठरलं. मैदान आपलं आहे, कुणी काही म्हणणार नाही. तुझं नावही पुकारणार नाहीत, मी मारुतरावांशी बोललो आहे.

आता डोक्यातून माती काढून टाक आणि मंगळवारी तीन तास गणित लिही. मी मजेत आहे. दूध पितो, झोपतो.

हे पाकीट घाईनं टपालात टाकतोय, सोमवारपर्यंत मिळेल.

मामा


मोशी,
५ एप्रिल १९५३

हिंदुराव दाजींना दौलतरावाचा रामराम.

अक्षर माझं नाही. हात जरा दुखावला आहे, म्हणून दुसऱ्याकडून लिहवून घेतो. भैरूचे पेपर कसे गेले ते कळवा. गणिताचा खास कळवा. बाकी सगळं ठीक.

दौलतराव

साहेब, वस्तादांचा मजकूर इथं संपला. पुढचं माझं आहे, ते मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही. मी इनायत अकबर, चाकण. तुमच्या भैरूची जोड माझ्याशी होती.

वस्तादांनी कुस्ती पुढं ढकलली नव्हती. एकतीस तारखेला चार वाजता हलगी वाजली आणि पंचांनी 'मोशीची तालीम' एवढंच पुकारलं. वस्ताद स्वतः लंगोट लावून उतरले. माणसं हसली. त्यांचं वय बावन्न, माझं एकोणीस. मी पंचांना म्हणालो, मी यांच्याशी लढणार नाही. वस्ताद जवळ येऊन कानात बोलले, "तू न्हाई लढलास तर माझ्या बारा पोरांचं मैदान ग्येलं. लढ. आन् खोटं लढू नगंस, पंचांना कळतंय."

मी त्यांच्या पाया पडलो आणि लढलो. नऊ मिनिटं त्यांनी मला पाठीला हात लावू दिला नाही. मग मी ढाकेचा डाव लावून त्यांना कमरेवर उचललं. हळू खाली टेकवावं असं माझ्या मनात होतं, पण त्यांनी अंग काढायला झटका दिला आणि आम्ही दोघं त्यांच्या उजव्या खांद्यावर पडलो. मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो अजून येतो.

मैदान राहिलं. पंचांनी तसं जाहीर केलं. पुण्याच्या डॉक्टरनं हाड बसवलं, पण म्हणाला, शीर दुखावली आहे, हात खांद्याच्या वर जाणार नाही आणि बोटांना जोर येईल की नाही सांगता येत नाही. मी रोज सायकलीनं येतो. माझी आई खातूनबी डबा देते. वस्ताद म्हणतात, भैरूला निकाल लागेपर्यंत यातलं काही कळू द्यायचं नाही. तुम्हाला कळवू नको असं त्यांनी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिलं.

इनायत


दापोडी,
९ एप्रिल १९५३

दौलतराव,

इनायतनं सगळं लिहिलं. त्याच्यावर रागावू नका.

तुम्ही भैरूला पाठवलेलं पाकीट सोमवारी माझ्या हातात पडलं होतं. मोशीचा शिक्का बघून मी ते त्याला दिलं नाही. तुम्ही पोराला बोलावलं असणार अशी माझी खात्री होती. न उघडता माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवलं. काल इनायतचं पत्र वाचून झाल्यावर ते उघडलं. 'येऊ नकोस' हे तुमचं पहिलंच वाक्य होतं.

मी फाटकाबाहेर पहारा करत उभा होतो आणि त्याच वेळी तुम्ही माझ्या पोराच्या जागी मातीत उभे होता. यशोदेला अजून सांगायचं धैर्य झालेलं नाही. तुम्हाला मूल नाही असं मी लिहिलं. तो कागद तुमच्याकडं असेल तर जाळून टाका. तसं जाळून काय होणार म्हणा. लिहिणारा हात माझा होता आणि तो धड आहे.

गणित बरं गेलं असं भैरू म्हणतो. मान खाली घालून म्हणतो. त्या दिवशी त्याला तुमचं पाकीट दिलं असतं तर त्याची मान वर असती. हे मी कुणापाशी बोलू शकत नाही, म्हणून तुम्हालाच लिहितो.

हिंदुराव


दापोडी,
१४ जून १९५३

मामा,

निकाल लागला. सगळ्यात पास, गणितात नापास. गणितात शून्य.

दादांनी काल मला सगळं सांगितलं. पाकीट दिलं, इनायतचं पत्रही दिलं. आता तुम्हाला खरं सांगतो.

एकतीसला मी दोन वाजता पेपर घेतला. पहिलं गणित मला येत होतं. पण भिंतीवर घड्याळ होतं. अडीच वाजता वाटलं, आता पालखी देवळात गेली. तीनला वाटलं, लहान पोरांच्या कुस्त्या सुरू झाल्या. चार वाजले. आता माझं नाव पुकारलं, आता माणसं इकडं तिकडं बघतायत, आता तुम्ही मान खाली घालून उभे आहात. मी पाच वाजेपर्यंत घड्याळाकडं बघत बसलो. कोरा कागद दिला. बाहेर दादा उभे होते, त्यांना म्हटलं, बरा गेला.

मला कळलं असतं की तुम्ही उतरणार आहात, तर मी मरमर करून लिहिलं असतं. नाहीतर धावत तरी आलो असतो. मी दोन्ही केलं नाही. तुमचा हात गेला आणि मी एक आकडासुद्धा लिहिला नाही.

मामा, मला आता काही नको. परीक्षा नको आणि तालीमही नको. वर्कशॉपात हमाल घेतायत, तिथं जाईन म्हणतो. तुमच्यापुढं उभं राहायची माझी लायकी नाही. इनायत रोज येतो असं वाचलं. त्याला येऊ द्या. तो माझ्यापेक्षा बरा.

भैरू


मोशी,
२३ जून १९५३

भैरू,

डाव्या हातानं लिहितोय. ओळी वाकड्या जातात. हा कागद चौथा आहे आणि कालपासून बसलोय. इनायत म्हणाला मी लिहितो, म्हटलं नको, हे माझं मला लिहू दे.

कोऱ्या कागदाचं वाचून मला रडू आलं. खांदा मोडला तेव्हा आलं नव्हतं. तुझ्यावर राग नाही. राग माझा मला आला. मी तुला पहाटे उठवलं, फाटकापर्यंत सोडलं, तुझ्याकडून सनावळ्या म्हणवून घेतल्या, पण भैरू, तुला काय पाहिजे हे मी कधी विचारलं नाही. तू लिहिलं होतंस, काहीतरी सांगा म्हणून. मी तुला खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तू आला असतास, म्हणून भ्यालो. तरी खरं सांगायला हवं होतं. तू लहान नाहीस.

मी मैदानात तुझ्या मार्कांसाठी उतरलो नाही. हात मी मारला होता, म्हणून मी उतरलो. ते देणं माझं होतं, तुझ्या अंगावर ते मीच टाकलं होतं. ते फिटलं. आता तू माझं काही देणं लागत नाहीस. हे नीट वाच, दोनदा वाच.

हमाली करायची असेल तर बापाला विचारून कर, मी आडवा येणार नाही. पण ऑक्टोबरात पुन्हा परीक्षा असते आणि तुझं एकच गणित राहिलंय. दाजींनी फॉर्म माझ्याकडं पाठवलाय. पालकाच्या सहीची जागा कोरी ठेवून पाठवलाय. सोबत काही लिहिलेलं नाही. तुझी आई म्हणते, ते दोन दिवस तो फॉर्म घेऊन बसले होते.

मी सही केली आहे, फॉर्म सोबत आहे. आधी पाटीवर गिरवली, मग फॉर्मवर केली. दौलतराव नीट आलंय, पुढचं आडनाव चौकटीबाहेर गेलं. कारकुनानं घेतलं नाही तर मी पुण्याला येऊन अंगठा लावीन. वर तुझी सही राहिली आहे. करायची असेल तर कर. नको असेल तर फॉर्म परत पाठव, मी काही म्हणणार नाही. या खेपेला तू ठरव.

तुझा मामा